विहिरीतली राखाडी पूड

१२ फेब्रुवारी २००९
आमची लेक मुक्ता बाळंतपणाला आली. नववा लागलाय. सासूबाईंचा सकाळपासून एकच धोशा: "सव्वा महिन्यानं विहीर पुजायची ती आपलीच. नळ पुजतात काय गो?" खरं आहे. पण वरचा रंगाचा कारखाना झाल्यापासून पाण्याला वास. दोन वर्षांमागे पिणं बंद केलं. त्याआधी कित्येक वर्षं तेच प्यायलो, मुक्ताही. नको तो विचार.

२० फेब्रु.
पाटणकर आली पुण्याहून. माझी कॉलेजातली मैत्रीण, आता प्रयोगशाळेत. बरणीत राखाडी पूड. म्हणे पाण्यात त्यांचं औषध, म्हणजे इंधनच, घातलं की कण मागून बुडबुडे सोडत आपणच पळतात, विष हुडकतात, चिकटून मोडून टाकतात. लहानपणी परातीतल्या पाण्यात कापूर पळवायचो, तसंच. औषध संपलं की थांबतात, मग चुंबकानं काढायचे. आमच्या विहिरीवर पहिला प्रयोग. मान मोठा.
सोडण्याआधी ह्यांनी विहिरीच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं: "जे काय विष असेल ते हुडकून काढ, बा."

१ मार्च
वास गेला. तपासलं, पाणी चोख. सा.बा. पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाबद्दल बरं बोलल्या.
चुंबक दोरीला बांधून सोडला. जवळजवळ रिकामा वर आला. पाटणकर फोनवर: "तळाला बसले असतील."

९ मार्च
मुलगी. दोघी सुखरूप. लिहायला वेळ नाही.

२८ मार्च
औषध कधीच संपलं असणार. आज पोहऱ्यात राखाडी पुंजका. हे त्यात हात बुडवून बसले होते, पुंजका हळूहळू बोटांभोवती गोळा झाला. पाणी हललं म्हणावं, तर नव्हतं हललं. मग सासूबाईंचा हात. तेच. त्या हसल्या, "मासे आलेत जणू." मी हसले नाही.

३ एप्रिल
पाटणकरला बोलावून घेतलं. तिनं हात घातला. पूड जागची हलली नाही. मग मी घातला. मनगटाला कडं.
पाटणकरनं हात पुसला. मग: "किती वर्षं प्यायलीस हे पाणी?"
"लग्न झाल्यापासून."
"औषधाशिवाय चालतायत कशावर?" मी विचारलं.
"माहीत नाही." बाईनं खरं सांगितलं, तेच जास्त वाईट. माझ्या रक्ताचा नमुना मुंबईला पाठवते म्हणाली.

१० एप्रिल
पूजा नळाच्या पाण्यानं उरकू म्हटलं. सा.बा. भडकल्या. "विहीर स्वच्छ करून दिलीस आणि आता घाबरतेस? पाणी बघ की कसं आहे." पाणी सुरेखच आहे, तीच तर पंचाईत. घरात कुणाला सांगितलेलं नाही. मुक्ताला काय सांगू? मीच तिला त्या विहिरीचं पाणी पाजून वाढवलं, आता काय सांगू...

१६ एप्रिल
पूजा झाली. मुक्तानं काठाला हळदकुंकवाची बोटं ओढली, ओटी भरली, कळशी काढली. पाण्यात बोटं बुडवली. पूड आली. "आई, बघ ना, किती सुंदर फिरतंय." 
सा.बा.: "आता बाळाच्या पायाला पाणी लाव गो, रीत आहे."
मुक्तानं दुसऱ्या हातानं मांडीवरच्या बाळाचं पाऊल कळशीवर धरलं. पाऊल अजून पाण्याला लागलं नव्हतं. पूड मुक्ताची बोटं सोडून तिकडे वळली. मी बघितलं. मी कळशी लवंडली.
सगळे ओरडले. माझा हात चुकून लागला म्हणाले. सा.बा. दिवसभर फणफणल्या. पाटणकरला फोन केला. "पाणी हललं असेल," म्हणाली. हललं असेल.
बाळानं त्या विहिरीचा थेंबही चाखलेला नाही.
आता मुक्ता विचारतेय, "आई, पायाला पाणी लावायचं राहिलं. उद्या लावूया का?"  ती बाळाला अंगावर पाजतेय.