लेकीला परत आणायची सहल

गुरुवार, १२ तारीख
शनिवारी गाण्यांच्या शहराला जायचं नक्की. तिकडे म्हणे चौकाचौकात गवई, रस्त्यांनाही गवयांचीच नावं. आमची लेक दोन वर्षांपूर्वी तिथे गाणं शिकायला गेली ती गेलीच. आता तिचा पहिला तिकिटाचा कार्यक्रम. आमंत्रण फक्त ह्यांच्या नावाने आलंय. घाईत माझं राहून गेलं असणार. गाडी धाकट्या भावोजींची. रविवारी लेकीला घेऊनच परतायचं. तिची खोली आजच पुसून घेतली. गळा देवाने दिला, तो देवापुढे वापरावा, तिकीट लावून नव्हे. पण हे मी तिथे बोलणार नाही. निश्चय: तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही.

शुक्रवार
दोन्ही वेळचे डबे भरले. भावोजी म्हणाले, वहिनी, पेट्रोल घरी करता आलं असतं तर तेही केलं असतंत. हे हसले. माझ्यावर हसायचं असलं की ह्यांना कमी ऐकू येत नाही.

शनिवार, दुपारी
टोल वाचावा म्हणून गाडी जुन्या रस्त्याने घ्यायला लावली. खड्डे होते, कबूल. गाडीच्या खालून काहीतरी घासल्याचा आवाज येतोय, पण तो आधीपासूनचाच असणार. वाद्यांच्या दुकानांची गल्ली पाहिली, बाहेरून. आत पाय ठेवला की काहीतरी गळ्यात मारतात.

रविवार, सकाळी, लॉजवर
काल कार्यक्रम झाला. लेक बारीक झालीय. शेवटी तिने देवाचं पद धरलं, मीच लहानपणी शिकवलेलं. आमच्याकडे देवाचं पद एकट्याने म्हणू देत नाहीत. एकाने सुरू केलं की सगळ्या घराने धरायचं. इथे सगळे मख्खासारखे बसलेले! पोर एकटी पडेल म्हणून मी धरलं, टाळ्यांसकट. ह्यांनी कोपर मारलं. ह्यांना सुरातलं काय कळतं! लोक वळून वळून बघत होते. मायलेकींचा सूर असा मिळाला की मलाच भरून आलं. कडवं संपतंय तोच दारावरचा माणूस वाकून म्हणाला, काकू, जरा बाहेर चला. उकडतही होतंच, गेले. निश्चय मात्र पाळला. वाकडं एक अक्षर बोलले नाही.

रविवार, संध्याकाळी
लेक भेटली नाही. तिच्या खोलीवर गेलो, तर तिची मैत्रीण जिन्यातच आडवी आली, म्हणाली, ती झोपलीय. मी म्हटलं, उठव की, आई आलीय म्हणावं. ती म्हणाली, तिला माहीत आहे. पहिल्या कार्यक्रमाचा शीण असतोच. सुट्टीत येईल. वाटेत दोघा भावांनी चहालासुद्धा गाडी थांबवली नाही. गाडीचं मनाला लावून घेतलंय.

बुधवार
लेकीने ह्यांच्या फोनवर रेकॉर्डिंग पाठवलं. बरोबर एक शब्द नाही. म्हटलं, बघा, आठवण आली. मोठ्याने लावायला सांगितलं, भावोजींनाही बसवून घेतलं. माझा आवाज खणखणीत आला. मग तिच्या आवाजाची वाट बघत राहिले. मी धरलं तिथेच ती थांबलीय. पुढचं अख्खं कडवं मी एकटीच म्हणतेय. वाद्यं एकीकडे, मी एकीकडे. मागे कुणीतरी फिसकन हसतंय.

मी म्हटलं, बंद करा हो ते.

हे म्हणाले, पोरीलाही त्या दिवशी हेच म्हणायचं होतं.