आई, तुमचं ओसाका राहिलं

प्रिय आई,

जपानहून परत येऊन आठवडा झाला. बॅगा रिकाम्या झाल्या, कपडे धुऊन झाले, इराची शाळा सुरू झाली, आणि मी अजून तुमच्या फोटोकडे सरळ पाहिलेलं नाही. सकाळी दिवा लावते, फूल ठेवते आणि मान खाली घालून किचनमध्ये पळते. समीरच्या हे लक्षात आलेलं नाही. तुमच्या मात्र आलं असणार. तुमच्या नजरेतून कधी काय सुटलंय!

आज दुपारची मीटिंग कॅन्सल झाली म्हणून टीव्ही लावला. कोण पाहतंय, असं स्क्रीनवर आलं आणि आमच्या तिघांच्या नावांशेजारी तुमचा चौकोन होता, 'आजी'. मी तोच दाबला. लगेच ओसाकाची ती गल्ली आली. धूर, छत्र्यांची गर्दी आणि खळग्या-खळग्यांच्या तव्यावर गोळे फिरवणारा माणूस. जानेवारीत तुम्ही अर्धवट सोडलेला व्हिडिओ. मला तो पुढेही बघवेना आणि बंदही करवेना. म्हणून मग लिहायला बसले.

आठवतं का, हा प्रकार पहिल्यांदा दिसला तेव्हा तुम्ही केवढ्याने हाक मारली होतीत? मला वाटलं पडलात. मी हेडफोन फेकून धावत खाली आले, तर तुम्ही खुर्चीत ताठ बसलेल्या. "मेधा, हे बघ, हे लोक आप्पे करतात!"

"आई, त्याला ताकोयाकी म्हणतात. आत ऑक्टोपस असतो."

तुम्ही स्क्रीनकडे आणखी वाकलात. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात न खाणाऱ्या तुम्ही! मग म्हणालात, "असू दे. सुई बघ कशी फिरवतो. फक्त मेला घाई करतो. कड सुटल्याशिवाय उलटायचं नाही, एवढं त्याला कोणीतरी सांगायला हवं."

आणि ते सांगायला आपणच जायचं, असं तुम्ही ठरवूनही टाकलंत! सांगलीहून आणलेली विणकामाची सुई, जिने तुम्ही आयुष्यभर आप्पे उलटलेत, ती दाखवून. त्या दिवसापासून ओहायोतल्या या डब्लिन गावात, बाहेर बर्फ असो की ऊन, आपल्या फॅमिली रूममध्ये दुपारी जपान चालू असायचं. टोकियोचं असाकुसा, तिथल्या देवळासमोरची खाऊची गल्ली, क्योटोच्या केशरी कमानी, नाराची मान लववणारी हरणं, सगळं तुम्हाला पाठ. लाल चवळीसारख्या दाण्याचं गोड सारण भरलेले केक दिसले की म्हणायचात, "पुरणच की, फक्त वेलदोडा नाही बिचाऱ्यांकडे." इरा सोफ्यावरून ओरडायची, "Aaji, you should have your own channel!"

आणि मी काय करत होते? पुढे ढकलत होते. आधी माझं प्रमोशन, मग किचनचं काम. दगडी ओटा बदलायचा म्हणून तुमचं जपान गेलं, आई. तोच ओटा समोर दिसतोय आत्ता. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, "पुढच्या स्प्रिंग ब्रेकला नक्की," आणि पुढे जोडायचे, "तिथे फार चालावं लागतं हो, तुम्हाला झेपायला हवं." मला तुमच्या गुडघ्यांची काळजी होती हे अर्धंच खरं. मला अशी सुट्टी हवी होती जिच्यात मला कोणाचे डबे करायचे नाहीत, कोणाच्या गोळ्यांच्या वेळा बघायच्या नाहीत. आज हे लिहितानाही कान तापलेत माझे.

तुम्ही एकदा तरी रुसायचंत! भांडायचंत! "तुमच्या सोयीने बघा गं," म्हणून पुन्हा टीव्हीकडे वळायचात, तेवढंच. तुम्ही भांडला असतात तर मी तावातावाने तिकिटं काढली असती. मला ओळखत होतात ना? मग का नाही भांडलात?

शेवटी काढली. चौघांची. तुमचा व्हिसा आला त्या दिवशी तुम्ही शिरा केलात आणि दुसऱ्या दिवसापासून तो समीरचा जुना जाड कोट घालून आपल्या गल्लीला फेऱ्या मारायला लागलात. प्रॅक्टिस म्हणे! शेजारची बाई मला काळजीने विचारून गेली, आजींचं काही हरवलंय का. आणि मग जानेवारीतली ती दुपार. टीव्ही चालू, तुम्ही खुर्चीत, मान जरा कलती. मी वरून दोनदा विचारलं, "आई, चहा टाकू का?"

तुमच्या दहाव्याबद्दल मला लिहायलाच हवं.

गुरुजी ऑफिसमधून लंच अवरमध्ये आले होते. मागच्या अंगणात बर्फ झाडून पाट मांडला, त्यावर पिंड ठेवले आणि आम्ही सगळे कोट घालून कावळ्याची वाट बघत उभे. एरवी तिथल्या झाडावर डझनभर बसलेले असतात. त्या दिवशी एक नाही! खार येऊन हुंगून गेली, डोक्यावरून हंसांची एक रांग ओरडत गेली. समीर हात जोडून एकेक कबूल करत होता. "आई, सांगलीचं घर नीट ठेवीन. सुधाआत्याला अंतर देणार नाही. इराला मराठी वाचायला शिकवीन." कावळा काही येईना. मोहनकाका, तेच, तुम्हाला दर शनिवारी देवळात न्यायचे ते, हळूच म्हणाले, "काहीतरी राहिलंय हो वहिनींचं. आठवा जरा. कोणाला माहीत असेल तर बोला."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला माहीत होतं, आई. ओठांवर होतं. पण म्हणायचं कसं? 'आई, तुम्हाला ओसाकाला नेईन' असं? गेलेल्या माणसाला? लोक काय म्हणतील, हा एक भाग. खरा भाग वेगळा. ते मी बोलले असते तर कोणीतरी विचारलंच असतं, मग इतकी वर्षं का नाही नेलंत? मी शालीत तोंड लपवलं. सगळ्यांना वाटलं मी रडतेय. गुरुजींना दीडचा कॉल होता. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, म्हणाले, "शास्त्रात याची सोय आहे, मनाला लावून घेऊ नका." मी लावून घेतलं.

मग तिकिटांचा प्रश्न आला. समीर म्हणाला, "आपण जाऊ या यार. आईने सगळं प्लॅन केलंय. घरात बसून काय करणार?" तो लॅपटॉप माझ्याकडे सरकवून बाहेर गेला. त्याला ते करवत नव्हतं. तुमच्या नावासमोर 'रिमूव्ह पॅसेंजर' असं बटण होतं. ते मी दाबलं. अजून त्या बोटाकडे बघितलं की कसंसंच होतं.

सुधाआत्यांचा फोन आला. "वर्ष तरी होऊ द्यायचं होतंस गं. घरात सणवार नाही आणि तुम्ही फिरायला निघालात?" रागावल्या नव्हत्या त्या, म्हणूनच जास्त लागलं. मी "हो आत्या, हो आत्या" करत राहिले आणि बॅग भरत राहिले.

आणि आई, जपान सुंदर होतं! तुम्ही सांगितलं होतंत तस्संच. असाकुसाचा तो टोपलीएवढा, छे, खोलीएवढा लाल कंदील. गल्लीतले गरम केक. समीर भाजलेलं रताळं खात चालायला लागला तर मी त्याचा दंड धरला. "आई म्हणायच्या, तिथे चालता चालता खायचं नाही, स्टॉलपाशी उभं राहून संपवायचं आणि कचरा आपल्याच पिशवीत." तो तिथेच उभा राहून मुकाट्याने खायला लागला. क्योटोत त्या केशरी कमानींखालून आम्ही चढत होतो, तेव्हा काठी टेकत एक म्हातारी आमच्या पुढे गेली. तुमच्याहून मोठी असेल. मध्ये बसली, थर्मासमधला चहा प्याली, परत निघाली.

प्रत्येक स्टेशनात लिफ्ट होती. प्रत्येक! एकदा तर व्हीलचेअरवरच्या आजीबाईंसाठी स्टेशनातला माणूस फळी घेऊन धावत आला, ती डब्याला लावली, त्यांना आत बसवलं आणि वाकून नमस्कार केला. पुढच्या स्टेशनात दुसरा माणूस फळी घेऊन उभाच. मी दाराशी उभी राहून हे बघत होते. 'झेपणार नाही' असं मी केवढ्या खात्रीने म्हणायचे! एकदा साधं शोधून तरी बघायचं होतं मी.

पण याहून वाईट ओसाकात झालं. मी हसले.

दोतोन्बोरीची ती गल्ली, तुमचीच. तव्यामागे एक तरुण मुलगी, हातात दोन टोचे, झरझर गोळे उलटतेय. इरा पुढे झाली, कमरेवर हात ठेवले आणि हुबेहूब तुमच्या आवाजात म्हणाली, "कड सुटल्याशिवाय उलटायचं नाही, मेले!" एवढं स्वच्छ मराठी ती जन्मात बोलली नव्हती. त्या मुलीला काही कळलं नाही, तीही हसायला लागली. मी पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. इराने गरम गोळा तोंडात टाकला, नाचायला लागली, मी आणखी हसले. जानेवारीपासून पहिल्यांदा. आणि मग एकदम वाटलं, ही जागा आईंची आहे. मी त्यांच्या जागेवर उभी राहून हसतेय. उरलेले गोळे समीरला दिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्याच्या बागेत गेलो. चेरी फुललेली, लोक झाडांखाली चटया टाकून डबे खात बसलेले. स्टॉलवरून मी दांगो घेतले. तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे, काडीला टोचलेले, वरून गोडसर पाक. हे तुम्हाला चालले असते, असं मनात आलं आणि काडी हातात घेऊन बाकावर नुसती बसून राहिले. तांदळाचे गोळे, आई. मला दुसरं काय आठवणार होतं?

मी काही बोलले नाही. खरंच नाही. मनातसुद्धा नाही, इतकी मी रिकामी झाले होते. मागून पंखांचा आवाज आला, खांद्याला वारं लागलं आणि काडीचा वरचा गोळा गेला. कावळा! आपल्याकडच्यापेक्षा थोराड, काळाकुळकुळीत. समोरच्या दगडी भिंतीवर बसून, मान वाकडी करून माझ्याकडे बघत खात होता.

"Mom! It literally robbed you!" इरा ओरडली. शेजारच्या बाकावरच्या आजींनी घाईघाईने मला रुमाल देऊ केला, कावळ्याच्या वतीने माफी मागत असाव्यात तशा वाकल्या. समीर मात्र उभा राहिला होता. त्याने हळूच बूट काढले आणि त्या सगळ्या पिकनिकच्या गर्दीत हात जोडले.

"मेधा, काय राहिलं होतं आईचं? तुला माहीत होतं ना?"

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. पुढे ढकललेली वर्षं त्याला माहीत होतीच, त्यात तोही होता. अंगणात मी गप्प राहिले ते माहीत नव्हतं. मग माझ्या हातातली उरलेली काडी घेऊन त्याने भिंतीवर ठेवली.

तिथले कावळे सगळ्यांचंच पळवतात हो. बागेत तशी पाटीही होती, कावळ्याच्या चित्राची. ते मला कळतं. तो तुम्ही होतात, असं मी कोणाला सांगत फिरणार नाही. पण एक गोष्ट मला सुटत नाही. आपल्याकडे आधी कबूल करावं लागतं, मग कावळा शिवतो. मी तर काहीच कबूल केलं नव्हतं. तुम्ही नेहमीसारखंच केलंत का? न भांडता, न मागता, माझ्या सोयीने?

तसं असेल तर आता मी माझं मागाहून कबूल करते. जानेवारीत तुमचं वर्षश्राद्ध आहे. सुधाआत्या येणार आहेत, मोहनकाका असतील, गुरुजी असतील. आप्पे मी करीन, तुमच्या सुईने, कड सुटेपर्यंत थांबून. ते अंगणात ठेवीन आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगेन की आईंना ओसाकाला जायचं होतं, आणि त्यांना मी नेलं नाही. मग कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. कावळा येवो न येवो, या वेळी मी शालीत तोंड लपवणार नाही.

तुमची सून,
मेधा