एबिसुचं उत्तर

इकी बेट, २१ जानेवारी

ति. आई,

वाकून नमस्कार. या थंडीत तुमचे गुडघे कुरकुरत असतील, आणि तरीही लेकीचा, नोरिएताईंचा, डोळा चुकवून तुम्ही अंगण झाडत असाल, याची मला खात्री आहे.

पेटी पोचली. मोहरीच्या पानांचं लोणचं इतकं खारट झालंय की ते तुम्हीच घातलंय हे पहिल्या घासाला कळलं. नोरिएताई मिठाला हात आखडता घेतात, पण हे त्यांना सांगू नका. इकडे सगळं ठीक आहे. न्हाणीघराचा पत्रा वाऱ्यानं पुन्हा उचकटला होता, तो भावजींनी ठोकून दिला. मांजर माझ्या पांघरुणात झोपते आणि सकाळी तुमच्या खोलीच्या दाराशी जाऊन ओरडते.

पेटीच्या तळाशी हातमोज्यांची जुडी होती, ती ठेवून दिली आहे. आता आणखी पाठवू नका, घरात पुष्कळ आहेत.

तुम्ही फोनवर रोज विचारता, म्हणून लिहिते. हो, योशितोचं ताट मी रोज मांडते. त्याची होडी समुद्रात एकटीच, इंजिन चालू, गोल गोल फिरताना सापडली त्या दिवसापासून एकही जेवण चुकवलेलं नाही. त्याची जागा तीच, वाडगाही त्याचाच. जेवण झालं की झाकण उचलून बघते, आतून पाणी सुटलेलं असतं. तुमच्याकडच्या झाकणालाही सुटतं असं तुम्ही म्हणता. म्हणजे जिथे आहे तिथे तो जेवतोय, जिवंत आहे. असं तुम्ही म्हणता आणि मी हो म्हणते.

परवा मी भावजींच्या लाँचवर गेले होते. त्यांनी तुम्हाला फोन केला असेल तर अर्धंच सांगितलं असणार. तुमच्या थोरल्या लेकाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे खडकावरून कालव खरवडण्यासारखं आहे. मी फोन करणार होते, पण माझा आवाज ऐकून तुम्हाला नको ते वाटलं असतं. म्हणून पत्र.

झालं असं की लाँचवरच्या ओकानोची पाठ धरली. हाकाताच्या पाच जणांनी हिरामासा धरायला म्हणून अख्खी लाँच कधीची सांगून ठेवलेली, आणि हाताखाली माणूस नाही. भावजी दारात येऊन उभे राहिले आणि छपराकडे बघत म्हणाले, येतेस का. मला वाटलं पत्र्याचंच काही काढतायत. तुमच्या काळी बाईनं लाँचवर पाय ठेवला असता तर विटाळ काढायला तुम्ही स्वतः तिच्या मागून मीठ फेकलं असतंत. आता तुमचीच सून गुंतलेले दोर सोडवायला, मासा आकडीनं वर ओढायला आणि पाहुण्यांना गरम सूप द्यायला निघाली. मी हो म्हटलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

ते कारण तुम्हालाही कधी सांगितलेलं नाही. आई, मला समुद्राची भीती वाटते. कोळ्याची मुलगी, कोळ्याची बायको, आणि मला पाण्याकडे बघवत नाही. लाटेवर काहीही काळं दिसलं, ओंडका असो, शेवाळाचा गठ्ठा असो, मी मान फिरवते. बाजारालासुद्धा मी मागच्या गल्लीनं जाते, धक्का दिसू नये म्हणून. तुम्ही म्हणाला असतात, असं घाबरणं म्हणजे आशा सोडणं. 

सकाळ बरी होती. वारा होता, पण मागचं शीड लावल्यावर लाँच वाऱ्याकडे नाक करून शहाण्यासारखी उभी राहिली. भावजी भोंग्यावरून खोली सांगत होते, पाहुणे गळ सोडत होते. त्यांच्यात कुरोइवा म्हणून एक होते, बाकीच्यांचे साहेब. मासा लागत नव्हता, पण तोंड चालू होतं. वहिनी, मासे नसतील तर सूप तरी दुप्पट द्या, असं चाललेलं. उमेहाराकाकाही होते. तेच हो, दर हिवाळ्यात येणारे, तुमच्या लोणच्याचं कौतुक करणारे. मी खाली बघून दोर सोडवत होते. पाण्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं आणि ते जमतही होतं.

मग उमेहाराकाकांनी विचारलं, तिकडे नारिंगी काय आहे हो?

मी वर बघितलं नाही, भावजींकडे बघितलं. त्यांनी टोपी काढली होती.

"एबिसु आलाय," ते म्हणाले. "सगळ्यांनी गळ वर घ्या."

समुद्रात भेटलेल्या प्रेताला हे कोळी एबिसु म्हणतात, मासे देणाऱ्या देवाचं नाव, असं उमेहाराकाकांनी बाकीच्या पाहुण्यांना हळूच सांगितलं. मी सूपाचं पातेलं धरूनच खाली बसले. नारिंगी रंगाचं काय, मच्छीमार संस्थेच्या दुकानात दुसऱ्या रंगाचा रेनकोट मिळतो कुठे? दहातले नऊ कोळी नारिंगीच घालतात. हे मला कळत होतं. पण योशितोही नारिंगीच घालून गेला होता, आणि मला तेवढंच दिसत होतं.

लाँच हळूहळू जवळ गेली. तो पालथा होता. आणखी काही लिहीत नाही, तुम्ही कोळ्याच्या घरातल्या आहात. उजवा हात वर तरंगत होता, त्यात हातमोजा होता. डावा पाण्याखाली होता.

योशितोची डावी करंगळी कप्पीत गेल्यापासून त्याच्या प्रत्येक डाव्या हातमोज्याची करंगळी मी आत दुमडून शिवते. रिकामी राहिली तर दोरात अडकते. तुम्ही जुड्या पाठवता आणि मी शिवत बसते, त्यावरून तो मला चिडवायचा, की सगळ्या गावात तुझा धागा माझ्याच हातात. त्या माणसाचा डावा हात दिसला असता तर सगळं कळलं असतं. मला तो बघायचा होता आणि बघायचा नव्हता. आई, एवढी भीती मला रिकामी होडी सापडली त्या दिवशीही वाटली नव्हती.

कुरोइवा साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, तटरक्षकांना कळवा आणि आपण जाऊ या, हे आपलं काम नाही. भावजींनी कळवलंच होतं. तिकडून निरोप आला होता की येतो, पण वेळ लागेल, नजर ठेवा. नजर कशी ठेवणार? उत्तरेकडून बर्फाची सर येत होती, भिंत सरकत यावी तशी. ती आली की दहा हातांवरचं दिसणार नव्हतं, आणि प्रवाह त्याला घेऊन गेला असता.

उमेहाराकाकांनी कुरोइवांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, भेटलेल्याला तसंच टाकून जायचं नसतं. पण नुसतं उचलूनही घ्यायचं नसतं. एक जण त्याला विचारतो, दुसरा त्याच्या वतीनं उत्तर देतो, मग तो वर येतो. तुम्ही फक्त टोपी काढा."

तेवढ्यात सर आली. लाँच एका अंगावर कलली की कठडा पाण्याला टेकत होता. बर्फ डोळ्यांत जात होतं. डावीकडच्या कठड्यावर ओणवी होऊन मी आकडी त्याच्या कॉलरमध्ये अडकवली आणि धरून ठेवली. माझ्या हाताला त्याचं वजन लागत होतं. ते ओळखीचं वाटत होतं. कुणाचंही वाटलं असतं.

भावजी शेजारी येऊन उभे राहिले.

"मित्सुए, उत्तर तुला द्यावं लागेल."

मी नाही म्हणून मान हलवली. आधी हात बघू द्या, एवढंच म्हणायचं होतं.

"पाहुण्यानं द्यायचं नसतं. दुसरं कुणी नाही."

ते माझ्याकडे बघत नव्हते. तेव्हा कळलं, तेही तो डावा हातच शोधत होते. मग त्यांनी पाण्याकडे वाकून विचारलं, जसं तुमचे मामंजी विचारायचे म्हणे, अगदी तसंच.

"तुला वर घेतो. मासे देशील?"

मी तो हातच शोधत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी त्यांचा आवाज फुटला. तुमचा हा मुलगा बाप गेला तेव्हाही रडला नव्हता. ते कुण्या एबिसुला विचारत नव्हते, आई. धाकट्या भावाला विचारत होते.

"देईन," मी म्हणाले. तेवढंच म्हणायचं असतं, मला ठाऊक आहे. पण पुढचंही आलं. "आधी मला घरी ने."

भावजींनी डोळे मिटले. मग ते आणि उमेहाराकाका वाकले, दोघा पाहुण्यांनी मागून त्यांचे पट्टे धरले, आणि तो वर आला. डावा हात कठड्यावर माझ्यासमोर पडला. हातमोज्याची पाचही बोटं भरलेली होती. करंगळी सरळ होती.

मी ओरडले. सगळ्यांना वाटलं जीव भांड्यात पडला म्हणून ओरडली. भावजींनी पाठीवरून हात फिरवला, उमेहाराकाका म्हणाले, बरं झालं वहिनी, बरं झालं. मी मान डोलावली. पण तसं नव्हतं, आणि हे मी तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? मला त्या परक्या माणसाचा राग आला होता. तू का आलास, असं झालं होतं मला. मला योशितो हवा होता. असा झालेला, असा पालथा, पण हवा होता. रोज तुमच्याबरोबर त्याच्या झाकणाला सुटलेलं पाणी मोजणारी मी, आणि माझ्या मनात हे होतं. परत येईपर्यंत मी त्याच्या शेजारी ताडपत्रीवर बसले होते आणि मला माझीच भीती वाटत होती.

कुरोइवा साहेबांनी जाड जाकीट काढून त्याच्यावर घातलं आणि बंदर येईपर्यंत कुडकुडत उभे राहिले. दिवसभर त्यांना मनात नावं ठेवली होती, ती मागे घेतली.

तो हिरादो बेटावरचा निघाला. मासे मारायला गेला होता, मोठ्या वाऱ्यात गेला. काल त्याची बायको आली. किनुयो तिचं नाव, माझ्याच वयाची असेल. भावजींसमोर इतकी वाकली की मला बघवेना. मग तिनं विचारलं, त्याच्या वतीनं कोण बोललं? भावजींनी माझ्याकडे बोट केलं. ती माझ्यापाशी आली, माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "काय म्हणाला तो?"

पद्धतीप्रमाणे मी 'देईन' एवढंच सांगायला हवं होतं.

"घरी ने म्हणाला," मी सांगितलं.

आई, ती हसली. रडता रडता हसली आणि म्हणाली, तसाच होता, बाहेर कुठे झोपच यायची नाही त्याला. मग आम्ही दोघी धक्क्यावर बसून राहिलो. ज्या धक्क्याकडे बघायला नको म्हणून मी मागच्या गल्लीनं जाते, त्याच धक्क्यावर.

ती गेल्यावर भावजींनी एक गोष्ट बोलून दाखवली, ती मला आधीपासून ठाऊक होती. हिरादोचं पाणी आपल्याकडे येतं, आणि आपल्याकडचं पुढे जातं, हागीच्या किनाऱ्याकडे. शाळेतल्या पोरालाही हे माहीत असतं. इथून गेलेलं इथे परत येत नाही. मग इतके दिवस धक्क्याकडे पाठ करून मी कुणाला भीत होते? आता भीती दुसरीच आहे. तो तिकडे कुणाला भेटेल, आणि त्याच्या वतीनं काय बोलायचं हे त्यांना कळणार नाही, याची.

म्हणून काल रात्री तुमची जुडी सोडली. सगळ्या डाव्या हातमोज्यांच्या करंगळ्या आत दुमडून शिवल्या. उद्या भावजी आणि मी पलीकडे जाणार आहोत, हागीपासून पुढे एकेक बंदर घेत. प्रत्येक ठिकाणी एक हातमोजा ठेवणार आणि सांगणार, असा हात दिसला तर तो आमचा आहे. त्याला विचारा. आणि त्याच्या वतीनं बोलताना मासे द्यायचं कबूल करा, पण घरी ने हेही म्हणा.

आणि एक. गरम भातावर झाकण ठेवलं की त्याला पाणी सुटणारच. हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. तुम्ही माझ्यासाठी बोलत नव्हतात, मी तुमच्यासाठी. आज सकाळी मी भात निवू दिला आणि मग झाकण ठेवलं. उचललं तेव्हा ते कोरडं होतं. मी ताट उचलून मामंजींच्या तसबिरीशेजारी, पितरांच्या देव्हाऱ्यासमोर ठेवलं आणि उदबत्ती लावली. तुम्हाला न विचारता केलं. राग आला तर इथे येऊन रागवा, नोरिएताईंनाही घेऊन या. तुमची खोली झाडून ठेवली आहे.

हातमोजे पाठवू नका असं वर लिहिलं, ते मनावर घेऊ नका. पाठवा. डावे पुरणार नाहीत, बंदरं फार आहेत.

त्याला घरी आणायला निघालेली,
तुमची मित्सुए