द्वारकाबाईंचे गार तळवे

१२ नोव्हेंबर १९९४, सणसर
आले एकदाची! पुण्यात टेलिफोन खात्यात जन्मभर लोकांचे ट्रंक कॉल जोडले. आता कुणाचं हॅलो ऐकायला नको. गेणबा आणि लीलाबाई या नवराबायकोच्या वस्तीवरची मागची खोली घेतली आहे. खिडकीशी ऊस, पलीकडे कालवा, हवेत कारखान्याच्या मळीचा वास. लीलाबाईंनी दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला. मी कॉन्व्हेंटात शिकले आहे, दृष्टबिष्ट मानत नाही, असं बजावलं. त्यावर त्या म्हणाल्या, तुमी नका मानू, दृष्ट मानती की तुमाला. उत्तर आवडलं. तोंडावर कबूल केलं नाही.

१७ नोव्हेंबर
सकाळपासून बेंबीभोवती दुखतंय. कालच्या वांग्यात तेल होतं की तेलात वांगी, देव जाणे. घरची सगळी उसाच्या तोडीला गेलेली. दुपारी एक म्हातारी दार न वाजवता आत आली. शिष्टाचार कशाशी खातात हे या वस्तीवर कुणाला ठाऊक नसावं. गेणबाची आई, द्वारकाबाई, असं म्हणाली. पोट चाचपून निदानही करून टाकलं: बेंबी सरकलीया बाई, डाक्टर कशापाई, म्या हाय की. एरंडेल पुढे केलं. पोट म्हटलं की आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरही एरंडेलच पाजायच्या, म्हणून मुकाट घेतलं. मग तिनं पोट चोळलं. तळवे गार, रांजणाच्या बुडासारखे. दुखणं बधिर झालं.

१८ नोव्हेंबर
दुखणं आता उजवीकडे, खाली. उलटी झाली, अंगात ताप. बूथवरून भाची सुकन्याला फोन केला. ती पुण्यात डॉक्टर आहे. तिनं मलाच झापलं. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे उतरलं, वर उलटी आणि ताप, म्हणजे अपेंडिक्स असू शकतं. एरंडेल नको, चोळणं नको, शेक नको, आजच्या आज बारामतीला सर्जनकडे जा. हिला पाढे मी शिकवले! उद्या बघू म्हटलं आणि फोन ठेवला. लीलाबाईंनी शेजारच्या बिरूची जीप उद्यासाठी सांगितली आहे.
दुपारी द्वारकाबाई पुन्हा आली. मी नको म्हटलं. तरी तळवे पोटावर होतेच.

१९ नोव्हेंबर, सकाळ
दुखायचं एकदम थांबलं. आता ऐकवते सुकन्याला! जीप नको म्हणून सांगायला पुढच्या अंगणात गेले. तुमच्या सासूबाईंच्या हाताला गुण आहे, असंही म्हटलं. लीलाबाईंच्या हातातली चरवी सुटली, दूध मातीत. आत्याबाईला जाऊन तीन वर्सं झाली, म्हणाल्या. सासूला त्या आत्याबाई म्हणतात. त्याच खोलीत, पोटानंच. आदी लई दुखलं, मंग येकदम थांबलं. बरं वाटलं म्हनून दवाखान्यात न्हेलंच न्हाय.
सुकन्याचं शेवटचं वाक्य काल मी रागानं लिहिलं नव्हतं. दुखणं अचानक थांबलं तर खूश होऊ नकोस मावशी, आत फुटलेलं असू शकतं, तेव्हा तर धावतच जा.
लीलाबाईंनी मला खाटेवर निजवलं. बिरूला लगेच यायचा निरोप धाडला आणि सुकन्याला कळवायला बूथवर गेल्या.

दुपार
लीलाबाई अजून परतल्या नाहीत. पोट फळीसारखं कडक. बोटानं दाबलं. माझं नसल्यासारखं. पाय गार. भीती वाटायला हवी. वाटत नाही.
द्वारकाबाई उशाशी बसली आहे. लेखणी चालते, आवाज मात्र फुटत नाही—

जीपचा हॉर्न. बिरू अंगणातून विचारतोय, बाई, निगायचं का—

दारातून माझा आवाज गेला. माझाच, ट्रंक कॉलवरचा, करडा. आता बरं आहे मला, परत जा. माझे ओठ मिटलेले—

व्हय जी, म्हणाला. जीप वळली. कालव्याच्या बाजूला—

तळवे. दुखत नाही. कुठंच नाही. देवा, दुखू दे, थोडं तरी दु—