सुरूच्या खांबांवरचे जाळे

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली, की आपल्या महाविद्यालयात तुम्हाला ओळखणारे आता कोणी उरले नसावे. तरीही आज लिहायला बसलो आहे ते तुम्हालाच. माझी पत्नी गेल्या कार्तिकात निवर्तली. तुम्ही तिला पाहिले आहे. गोलाला बांधलेले जाळे परत न्यायला येणारी रापणकर मच्छीमारांची मुलगी ती हीच.

तुम्ही नवे प्रशिक्षक म्हणून कोल्हापूरहून फोंडाघाट उतरून आलात, तेव्हा आमचा फुटबॉलचा संघ होता, मैदान नव्हते. ओहोटीला तोंडवलीची वाळू उघडी पडली, की तुम्ही सुरूचे दोन खांब रोवायला लावत आणि तिच्या वडिलांकडून मागून आणलेले किनाऱ्यावरून मासे ओढायच्या रापणीचे जुने जाळे त्यांना बांधत असा. भरतीचे पाणी खांबांना लागले, की सराव संपे. मी गोलरक्षक. ओल्या वाळूत चेंडू पडला की तिथेच रुततो. खाली वाकून तो सावकाश उचलायची मला सवय जडली. मग कुडाळच्या टणक तांबड्या मैदानावर पहिल्याच सामन्यात मी तसाच वाकलो, आणि चेंडू टप्पा घेऊन माझ्या डोक्यावरून जाळ्यात गेला. पुढेही तेच होत राहिले. परगावच्या मैदानांवर गोलाला जाळे नसे, म्हणून सामन्यांनाही आपण तेच जाळे सोबत नेत असू. सबंध हंगामात आपण एकही सामना जिंकलो नाही.

शेवटच्या सामन्यानंतर मुले टेम्पोत चढली आहेत आणि मी खांबाशी बसून आहे. तुम्ही येता.

"ऊठ. जाळं सोड."

"सर, दुसऱ्या कोणाला तरी सांगा."

"ज्यानं गोल खाल्ले त्यानंच सोडायचं. लोकांचं जाळं हाय, असं लोंबकळत टाकून जाशील व्हय?"

मी एकेक गाठ सोडली. घडी घालताना दुसरे टोक तुम्ही धरलेत.

संध्याकाळी तोंडवलीला ती वाटच पाहत होती. "काय रे, आज किती गोल गावले? आमच्या बाबांक ह्या जाळ्यात कधी इतके बांगडे गावूक नाय!" माझा चेहरा पाहून ती थांबली. "रडतस कित्याक? जाळां तरी फाटूक नाय मां?"

पुढे जन्मभर तिने मला हेच विचारले, जाळे तरी फाटले नाही ना. बढती हुकली तेव्हा, मुलगी मुंबईला गेली तेव्हा. रुग्णालयात डॉक्टर सांगून बाहेर गेल्यावरही, खाटेवरून, तिनेच मला विचारले.

परसात मिरच्यांवर माकडे येऊ नयेत म्हणून तिने माहेरचे असेच एक जुने जाळे ताणून बांधले होते. मिरची केव्हाच वाळून गेली. मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, आता तरी तां जाळां काढा." रोज सकाळी मी तिथे जातो, पहिल्या गाठीला हात लावतो आणि परत येतो. त्या वर्षी निदान पुढचा हंगाम होता. मुलीला मी सांगितले आहे, की दुसरे टोक धरायला कोणी नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला खरे सांगतो, सर. जाळे लहान आहे. एकट्यालाही सुटेल.