हिंमतीचा आकडा

मु. बेंबळी शिवार

सौ. गजरास,

मेंढरं आन मी खुशाल हाय, घोर करू नको.

काल एक बाई टॅब घेऊन तळावर आली. खेड्यातल्या माणसांच्या मनाचं बळ मोजत्यात म्हणं. “संकटात तुमची हिंमत किती टिकती? एक ते पाचात सांगा.” मोजून काय करणार, ते धड सांगंना.

मेंढरं किती, हे आपण परक्याला खरं सांगत न्हाय, नजर लागती. मग हिंमत कशी सांगावी? म्या दोन सांगितलं. बाई लई हळहळली.

तिकडं आपल्या गावाला, ईटला, ती बाई आली तर तूबी कमीच सांग.

पण फोनवर तुझ्या गुडघ्याचं इचारलं की तू “जरासाच दुखतोय” म्हणतीस. गजरा, मलाबी परका धरलंस काय?

खरं लिहून धाड.

गुंडाप्पा