भाच्याचा अल्बम आणि शिंप्यांची धावपळ

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनातच घातलाय, खरा घातला तर उठवायला घरात कुणी नाही). तुझी कंबर काय म्हणते? भावजींचं पथ्य चाललंय ना?

पत्रास कारण की, तुझ्या चिरंजीवांनी केलेला अल्बम पोचला. सोबत सायकलच्या सीटएवढे जाड हेडफोन आणि चिठ्ठी: ‘मामा, अंधार कर, जमिनीवर आडवा हो, डोळे मीट आणि पन्नास मिनिटं उठू नकोस. यात बुडायचं असतं.’ जन्मभर चष्मे विकलेल्या माणसाला हा म्हणतो, डोळे मीट! तरी रविवारी दुपारी पडदे ओढले आणि पसरलो. सुरुवातीला नुसतंच घूं घूं (फ्रीज बिघडला समजून दोनदा उठून पाहून आलो). मग तो सिंथेसायझर असा काही पसरत गेला, की खोलीच्या भिंती कुठे गेल्या ते कळेना. ड्रम लांबून, पाण्याखालून वाजल्यासारखे. आणि मग एक बाई अगदी कानाशी येऊन पुटपुटायला लागली. शब्द एकही कळला नाही. पण ताई, ही गेल्यापासून इतक्या जवळ येऊन माझ्याशी कुणी बोललं नव्हतं गं. डोळ्यांतलं पाणी थेट हेडफोनच्या गादीत.

इकडे खालचे शिंपीबुवा माझी पँट आखूड करून घेऊन आले. बेल वाजवली, दार बडवलं. मला काय ऐकू येतंय! गॅलरीतल्या खिडकीच्या पडद्याच्या फटीतून पाहतात तर मी जमिनीवर, हात छातीवर, गाल ओले. धावत जाऊन त्यांनी कुलूपवाल्याला आणलं आणि दार उघडलं. कुणीतरी माझ्या कानांवरचं ओढून काढलं, तेव्हा कुलूपवाला विचारत होता, “यांच्या घरी कोण आहे कळवायला?”

शिंपी म्हणाले, “कुणीच नाही हो.”

मी पडल्यापडल्याच म्हटलं, “मी आहे की!”

दोघं असे किंचाळले, की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

कुलूपवाला चिडून गेला. शिंप्यांना मात्र मी हिच्या खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि अल्बम मोठ्याने लावला. तिसऱ्या गाण्याला ते घोरायला लागले. अल्बम संपला. मी त्यांना उठवलं नाही. पुन्हा पहिल्यापासून लावला.

चिरंजीवांना आशीर्वाद. बुडालो म्हणावं.

तुझा,
धाकटा

ता. क. शिंपी झोपले हे त्याला सांगू नकोस. ‘डोळे मिटून ऐकत होते’ म्हण.

आणखी एक ता. क. आठवडाभर राहायला येतेस का? अल्बम ऐकायची सक्ती नाही. तू नुसती पलीकडच्या खोलीतून माझ्यावर ओरडत राहा.